पोलंडचे राज्य कुठून आले? म्येश्को, बोलेस्वाफ आणि पियास्त घराण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंड म्हटले की मराठी वाचकाला दुसरे महायुद्ध आठवते. कोल्हापूरकरांना वळिवड्याची छावणीही आठवते, कारण १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. या देशाची सुरुवात मात्र त्याच्या हजार वर्षे आधीची आहे आणि तिच्याबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. जे मिळते त्यात दंतकथा आणि इतिहास यांची खिचडी असते. इथे दहाव्या आणि अकराव्या शतकापुरतेच बोलू. नावे शक्य तितकी पोलिश उच्चाराच्या जवळ ठेवली आहेत.

पोलंडचे राज्य नेमके कधी सुरू झाले?

शाळेतले उत्तर ९६६. त्या वर्षी म्येश्को पहिला या राजाने बाप्तिस्मा घेतला आणि पोलंडमध्ये देशाचा वाढदिवस तिथूनच मोजतात. पण ज्याच्याकडे किल्ले, फौज आणि करवसुली आधीपासून होती, असा माणूस त्या दिवशी ख्रिस्ती झाला. राज्य नसते तर त्याच्या धर्मांतराची दखल घेतली कोणी असती?

लेखी पुरावा ९६३ पासून मिळतो. जमिनीतला पुरावा आणखी मागे, साधारण ९२० ते ९४० पर्यंत जातो. मला विचाराल तर माझा भरवसा लाकडावर जास्त आहे. का, ते पुढे येईलच.

म्येश्कोचे नाव पहिल्यांदा कोणी लिहिले?

एका परक्याने. कोर्वाय मठातला व्हिदुकिंड हा सॅक्सन (उत्तर जर्मनीतला) साधू आपल्या लोकांचा इतिहास लिहीत होता. त्यात व्हिखमान नावाचा एक बंडखोर सॅक्सन सरदार येतो. तो स्लाव टोळ्यांना हाताशी धरून लढत असे. या व्हिखमानने म्येश्कोला दोनदा हरवले आणि त्याच्या भावाला मारले, असे व्हिदुकिंड सांगतो. म्हणजे पोलंडचा पहिला ज्ञात राजा लिखित इतिहासात शिरतो तो हरलेला माणूस म्हणून.

चार वर्षांनी, ९६७ मध्ये, पारडे फिरले. तोपर्यंत म्येश्कोने बोहेमियाच्या (आजच्या चेकियातल्या) राजाची मुलगी केली होती आणि सासऱ्याने पाठवलेले घोडेस्वार त्याच्या मदतीला होते. व्हिखमान रात्रभर पायी पळत राहिला आणि सकाळी दमून सापडला. मरण्यापूर्वी त्याने आपली तलवार म्येश्कोच्या माणसाकडे दिली आणि सांगितले, ही तुझ्या धन्याला दे, म्हणजे तो ती आपल्या मित्राला, सम्राटाला, पोचवील. ती तलवार खरोखरच जर्मन सम्राट ओटो पहिला याच्याकडे गेली. ‘सम्राटाचा मित्र’ ही पदवी म्येश्कोला तेव्हा किती उपयोगी होती, ते या एका तलवारीवरून कळते.

पियास्त नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट फार गोड आहे, खरी असण्याची शक्यता कमी. ती सांगितली एका अनामिक लेखकाने. त्याला आपण गाल अनामिक म्हणून ओळखतो. १११२ ते १११८ च्या सुमारास, म्हणजे म्येश्कोनंतर सव्वाशे वर्षांनी, त्याने पोलंडच्या राजांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला.

त्याच्या सांगण्यानुसार ग्न्येझ्नोला पोपिएल नावाचा राजा होता. त्याच्या दोन मुलांच्या जावळाचा समारंभ होता आणि मोठी मेजवानी मांडली होती. (मुलाचे केस पहिल्यांदा कापण्याचा विधी स्लाव लोकांतही होता.) दोन अनोळखी पाहुणे आले, त्यांना राजाच्या माणसांनी हाकलून लावले. ते गेले गावाबाहेर पियास्त नावाच्या गरीब नांगऱ्याच्या झोपडीत. त्याच्याही मुलाचे जावळ होते. पियास्त आणि त्याची बायको झेपका यांनी थोडी बीअर आणि पोसलेले एक डुकराचे पिल्लू एवढीच तयारी केली होती. पाहुण्यांनी ते वाढायला सांगितले. बीअर संपेना, मांसाने भांड्यांमागून भांडी भरू लागली. मुलाचे नाव शेमोव्हित ठेवले गेले, तो मोठा होऊन राजा झाला, आणि पोपिएलला एका बेटावरच्या बुरुजात उंदरांनी खाल्ले. शेमोव्हितचा मुलगा लेस्तेक, त्याचा शेमोमिस्व, त्याचा म्येश्को.

यातला चमत्कार बाजूला काढला तरी एक गोष्ट उरते. घराण्याने जुन्या सत्ताधाऱ्याला हुसकावून गादी घेतली, ही आठवण दरबारात शिल्लक होती आणि ती देवाच्या मर्जीने झाली असे सांगण्याची गरजही होती. शेमोव्हितपासूनची तीन नावे खरी असावीत असे बरेच इतिहासकार मानतात. दरबारात पणजोबा-आजोबांची नावे लक्षात राहतात. पियास्त, झेपका आणि उंदीर मात्र कथेतले.

क्रुश्वित्सा गावात आज जो ‘उंदरांचा बुरूज’ दाखवतात, तो चौदाव्या शतकातल्या कझिमेश राजाच्या किल्ल्याचा आहे. पोपिएलचा त्याच्याशी काही संबंध नाही. घराण्याला ‘पियास्त’ हे नावसुद्धा फार नंतरच्या लेखकांनी लावले. म्येश्कोला कोणी पियास्त म्हणून हाक मारली असती तर त्याने वळूनही पाहिले नसते.

‘पोलान’ नावाच्या जमातीने राज्य उभारले, हे बरोबर का?

पाठ्यपुस्तकांत असे असते खरे: वार्ता नदीच्या खोऱ्यात पोलान राहत, त्यांनी शेजारच्या जमाती जिंकल्या, आणि झाला पोलंड. अडचण अशी की नवव्या शतकाच्या मध्यात बव्हेरियात तयार झालेल्या एका यादीत पूर्वेकडच्या जमातींची नावे त्यांच्या किल्ल्यांच्या संख्येसह दिली आहेत. त्यात विस्तुला नदीकाठचे लोक आहेत, सायलेशियातले आहेत, गोप्लो तळ्याकाठचे म्हणून ओळखले जाणारेही आहेत. पोलान नाहीत. व्हिदुकिंड म्येश्कोच्या लोकांना भलत्याच नावाने ओळखतो. इब्राहिम इब्न याकूब हा प्रवासी तर त्या प्रदेशाला नुसते ‘म्येश्कोचा देश’ म्हणतो.

‘पोलान’ आणि ‘पोलोनिया’ ही नावे कागदावर येतात ती १००० सालाच्या आसपास, म्येश्कोचा मुलगा बोलेस्वाफ याच्या काळात, संत आदालबेर्तच्या चरित्रात आणि बोलेस्वाफच्या नाण्यावर. माझ्या मते क्रम उलटा आहे. आधी एका घराण्याने प्रदेश ताब्यात घेतला, मग त्या प्रदेशाला नाव मिळाले, आणि ‘आपण पोलिश’ ही जाणीव त्या नावामागून आली. जमातीने राज्य घडवले म्हणण्यापेक्षा राज्याने लोक घडवले म्हणणे जास्त जवळचे.

मग या घराण्याची ताकद आली कुठून?

किल्ल्यांतून. हे दगडी किल्ले नव्हेत. आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीतले गड येतात, तसे काहीच नाही. सपाट, तळ्यांच्या आणि दलदलीच्या मुलखात ओकच्या ओंडक्यांचे थरावर थर रचून, मध्ये माती-दगड भरून उभारलेले प्रचंड बांध. काही ओंडक्यांच्या टोकाला फांदीचा आकडा मुद्दाम ठेवलेला असे. तो आडव्या ओंडक्यात अडकला की मातीच्या दाबानेही थर सरकत नसे. पोझ्नानच्या तटाची रुंदी तळाशी वीसेक मीटर होती.

दमट जमिनीत हे ओक हजार वर्षे टिकले. लाकडातल्या वार्षिक वलयांवरून झाड कोणत्या वर्षी तोडले ते काढता येते आणि गेल्या काही दशकांत पुरातत्त्वज्ञांनी हेच केले. त्यातून जे दिसले त्याने जुनी कथा मोडली. त्याआधी अशी समजूत होती की पोलंडचे राज्य शतकानुशतके सावकाश वाढत गेले. लाकूड म्हणाले, तसे नाही. ९२० ते ९५० या तीसेक वर्षांत, म्हणजे जेमतेम दोन पिढ्यांत, ग्न्येझ्नो, पोझ्नान, ओस्त्रुव लेदनित्स्की, गझिबोवो असे किल्ले एकामागून एक उभे राहिले. ग्न्येझ्नोचा तट ९४० च्या सुमारासचा. ग्येचचा किल्ला त्यांच्यापेक्षा जुना, त्यालाही याच काळात नवे तट चढले.

आणि त्याच काळात आसपासचे जुने, छोटे किल्ले जळालेले सापडतात. पुन्हा न बांधलेले. हे शांततेत झालेले एकीकरण नव्हे. कोणीतरी शेजाऱ्यांचे गड जाळले, तिथली माणसे उचलली आणि आपल्या नव्या किल्ल्यांभोवती वसवली. एवढे ओक तोडायला आणि एवढी माती वाहायला लागलेले हात स्वखुशीने आले असतील, असे मानायला मी तरी तयार नाही. हे काम म्येश्कोच्या बापाचे आणि आजोबाचे. म्येश्कोला राज्य आयते मिळाले म्हणणे अन्यायाचे होईल, पण पाया त्याने घातला नाही.

एवढा खर्च कोणी उचलला? पैसा कुठून येत होता?

चांदी मध्य आशियातून येत होती. दहाव्या शतकाच्या मध्यावर ग्न्येझ्नो-पोझ्नानच्या परिसरात अरबी दिरहमचे साठे अचानक वाढतात. त्यातली बरीच नाणी समरकंद, ताश्कंद या बाजूच्या सामानी अमीरांच्या टांकसाळीतली आहेत.

त्या चांदीच्या बदल्यात पोलंडने काय दिले? फर, मध, मेण, ही नेहमीची यादी. आणि माणसे. त्या काळी स्लाव गुलामांना मुस्लिम जगात मोठी मागणी होती, प्राग ही त्या व्यापाराची पेठ होती, आणि शेजारचे गड जाळणाऱ्या राजाकडे विकायला कैदी असणारच. पोलिश इतिहासलेखनाने ही बाजू बराच काळ नजरेआड केली. आता ती उघडपणे मांडली जाते.

इब्राहिम इब्न याकूब कोण, आणि त्याने काय पाहिले?

मुस्लिम स्पेनमधल्या तोर्तोसा गावचा हा ज्यू प्रवासी ९६५ च्या सुमारास मध्य युरोपात आला होता. त्याचे मूळ लेखन हरवले. अल-बक्री या अकराव्या शतकातल्या भूगोलकाराने घेतलेले उतारे उरले आहेत. म्येश्कोच्या राज्यात तो स्वतः गेला की प्रागमध्ये ऐकून त्याने लिहिले, यावर वाद आहे, पण माहिती फार नेमकी आहे.

तो म्हणतो, स्लावांच्या देशांत म्येश्कोचा देश सर्वांत विस्तीर्ण, धान्य, मांस आणि मधाने समृद्ध. राजाकडे चिलखत घातलेले तीन हजार योद्धे, आणि त्यांतले शंभर इतरांच्या हजाराला भारी. करातून जे येते त्यातून त्यांना दरमहा पगार. कपडे, घोडे, शस्त्रे, लागेल ते सगळे राजाकडून. मराठेशाहीच्या भाषेत सांगायचे तर हे शिलेदार नव्हेत, बारगीर: घोडा राजाचा, शस्त्र राजाचे, म्हणून माणूसही राजाचा.

पुढचा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. योद्ध्याला मूल झाले, मुलगा असो वा मुलगी, की राजा त्याच्यासाठी पगार बांधून देई. मुलगा मोठा झाला की राजाच त्याचे लग्न लावी आणि मुलीच्या बापाला द्यायची रक्कमही स्वतः भरी. जन्मापासून लग्नापर्यंत सगळे धन्याच्या हातात असल्यावर तो माणूस कोणत्या जमातीचा राहणार?

म्येश्को व्हायकिंग होता का?

हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षे फिरतो आहे. त्याचे खाद्य दोन गोष्टींतून मिळते. एका दस्तऐवजात त्याचे नाव ‘दागोमे’ असे आले आहे आणि ते काहींना स्कँडिनेव्हियन वाटते. दुसरे म्हणजे तिथल्या थडग्यांत आणि तळ्यांत उत्तरेकडच्या धर्तीची शस्त्रे सापडतात. त्याच्या फौजेत परदेशी भाडोत्री असणार, यात शंका नाही. त्यावरून घराणेच समुद्रापलीकडून आले असे म्हणणे म्हणजे पहारेकऱ्यावरून मालकाची जात ठरवणे झाले.

म्येश्कोने बाप्तिस्मा का घेतला?

गाल अनामिकचे उत्तर: बायकोमुळे. म्येश्कोला सात बायका होत्या, बोहेमियाची दोब्राव्हा लग्न करून आली, आणि तो जुन्या चाली सोडून ख्रिस्ती होईपर्यंत तिने त्याला शय्येवर घेतले नाही. मेर्सेबुर्गचा बिशप थीटमार हा म्येश्कोच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत लिहिणारा, आणि पोलंडशी वैर असणारा. त्याच्याकडे वेगळीच गोष्ट आहे. दोब्राव्हाने नवऱ्याला खूश करण्यासाठी ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात मांस खाल्ले, म्हणजे तो तिचे ऐकेल. एकीकडे हट्ट, दुसरीकडे गोडीगुलाबी. दोन्ही लेखक साधू-बिशप मंडळींतले, त्यामुळे राजाला धर्माकडे वळवणारी राणी त्यांना हवीच होती.

राजकारण त्याहून रुक्ष आहे. ९६३ चे पराभव ताजे होते. पश्चिमेचे वेलेती स्लाव मूर्तिपूजक, म्येश्कोचे शत्रू, आणि बोहेमिया त्यांचा दोस्त. ९६५ मध्ये बोहेमियाचा राजा बोलेस्लाव पहिला याच्या मुलीशी लग्न केल्यावर ही दोस्ती तुटली. ९६७ मध्ये व्हिखमानविरुद्ध सासऱ्याचेच घोडेस्वार आले, ते आपण वर पाहिले. शिवाय ख्रिस्ती राजाशी सम्राट करार करतो, पत्र लिहितो, त्याच्या मुलीला सून करून घेतो. मूर्तिपूजकावर मोहीम काढतो. लिहिता-वाचता येणारे पुरोहित दरबारी आले हा वरचा फायदा.

बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या दिवशी, १४ एप्रिल ९६६ रोजी झाला असावा. पोलंडमध्ये २०१९ पासून या तारखेला अधिकृत दिन पाळतात. ९६८ मध्ये योर्दान हा पहिला बिशप आला.

प्रजाही लगेच ख्रिस्ती झाली का?

नाही. योर्दानला घाम गाळावा लागला, असे थीटमारच लिहितो. पुढच्या पिढीत धाक कसा होता पाहा: बोलेस्वाफच्या राज्यात लेंटच्या आधीचे ठरावीक आठवडे सुरू झाल्यावर कोणी मांस खाताना सापडला तर त्याचे दात पाडत. ज्याच्या आईने त्याच काळात मांस खाऊन बापाला वळवले म्हणतात, त्या मुलाचा हा कायदा!

म्येश्को जर्मन सम्राटाचा मांडलिक होता का?

काही मुलखापुरता. वार्ता नदीपर्यंतच्या भागाचा तो सम्राटाला कर देत असे, असे थीटमार म्हणतो. तरीही ९७२ मध्ये सीमेवरचा सॅक्सन सरदार होडो सम्राटाला न विचारता म्येश्कोवर चालून गेला. २४ जूनला ओडर नदीजवळ त्सेदिन्या इथे लढाई झाली. आधी म्येश्कोची पीछेहाट झाली, मग त्याचा भाऊ च्चिबोर याने सॅक्सन फौजेचा फडशा पाडला. संतापलेल्या सम्राटाने दोघांनाही भांडण थांबवायला फर्मावले आणि पुढच्या वर्षी क्वेडलिनबुर्गच्या दरबारात निवाडा केला.

इतके होऊनही थीटमार लिहितो की होडो ज्या घरात असे, तिथे म्येश्को फरचा अंगरखा घालून शिरायची हिंमत करत नसे आणि होडो उभा असताना बसतही नसे. अतिशयोक्ती धरली तरी सीमेवरच्या सरदाराने स्लाव राजाकडून काय अपेक्षा केली होती, ते यात दिसते.

‘दागोमे इउदेक्स’ म्हणजे काय?

हा एका दानपत्राचा सारांश आहे. ९९१ च्या सुमारास ‘दागोमे’ आणि त्याची पत्नी ओदा यांनी आपले राज्य पोपच्या संरक्षणाखाली दिले. दागोमे म्हणजे म्येश्कोच, यावर जवळजवळ एकमत आहे. ओदा ही त्याची दुसरी बायको, सॅक्सन सरदाराची मुलगी. दोब्राव्हा ९७७ मध्ये वारल्यावर म्येश्कोने तिला मठातून आणून तिच्याशी लग्न केले, यावर चर्चची बरीच कुरकुर झाली.

मूळ पत्र उरलेले नाही. सुमारे शंभर वर्षांनी एका कार्डिनलच्या संग्रहासाठी कोणा कारकुनाने त्याचा सारांश काढला. त्या बिचाऱ्याला ही नावे कुठली ते कळेना, म्हणून त्याने शेरा मारला की हे लोक बहुधा सार्डिनिया बेटावरचे असावेत! पोलंडच्या सीमांचे सर्वांत जुने वर्णन आपल्यापर्यंत पोचले ते असे.

पत्रात ओदाच्या दोन मुलांची नावे आहेत, दोब्राव्हाचा मुलगा बोलेस्वाफ याचे नाव नाही. थोरल्याला डावलून धाकट्यांची सोय लावण्याचा हा डाव दिसतो.

मग बोलेस्वाफ गादीवर कसा आला?

२५ मे ९९२ ला म्येश्को वारला. बोलेस्वाफने सावत्र आईला मुलांसकट देशाबाहेर काढले आणि दोन नातलगांचे डोळे काढले. थीटमार याला ‘कोल्ह्याची चलाखी’ म्हणतो.

म्येश्कोच्या मुलीचे काय झाले? ती इंग्लंडच्या राजाची आई होती म्हणतात.

हो, हे बऱ्यापैकी पक्के आहे. क्नूटची आई म्येश्कोची मुलगी आणि बोलेस्वाफची बहीण, असे समकालीन थीटमार सांगतो. तिने डेन्मार्कच्या स्वेनशी लग्न केले, आणि क्नूट १०१६ मध्ये इंग्लंडचा राजा झाला. त्याआधी ती स्वीडनच्या राजाची राणी होती, असे दुसऱ्या लेखकाने म्हटले आहे. तिचे ‘श्फ्येंतोस्वावा’ हे नाव मात्र अभ्यासकांनी जुळवलेले आहे. तिच्या भावाबापाची नावे सगळ्यांनी लिहिली, तिचे लिहायचे कोणाला सुचले नाही.

१००० साली ग्न्येझ्नोमध्ये काय घडले?

या संपूर्ण काळातला हा सर्वांत मोठा प्रसंग, म्हणून थोडे सविस्तर.

प्रागचा बिशप आदालबेर्त, पोलिशमध्ये व्होइचेख, हा स्वतःच्या शहरात कोणाशी न पटलेला, तापट आणि तळमळीचा माणूस. तो बोलेस्वाफच्या आश्रयाला आला आणि बाल्टिक किनाऱ्यावरच्या मूर्तिपूजक प्रशियन लोकांत धर्मप्रचाराला गेला. २३ एप्रिल ९९७ ला त्यांनी त्याला ठार मारले. बोलेस्वाफने त्याचा देह विकत घेतला (दंतकथेप्रमाणे वजनाइतके सोने देऊन) आणि ग्न्येझ्नोला पुरला. दोनच वर्षांत पोपने त्याला संत जाहीर केले. आता पोलंडकडे स्वतःचा हुतात्मा होता आणि त्या काळात याचे मोल एखाद्या किल्ल्याहून जास्त होते.

सम्राट ओटो तिसरा तेव्हा एकोणीस वर्षांचा पोरगा, आदालबेर्तचा व्यक्तिगत मित्र, आणि ख्रिस्ती जगाचे एक मोठे कुटुंब करण्याच्या स्वप्नाने भारलेला. मार्च १००० मध्ये तो यात्रेकरू म्हणून ग्न्येझ्नोला आला. शहर दिसू लागल्यावर तो अनवाणी चालला. बोलेस्वाफने त्याच्या स्वागताचा जो थाट केला त्याचे वर्णन करणे अशक्य, असे थीटमारही कबूल करतो. गाल अनामिक तर सोन्याचांदीची भांडी, गालिचे आणि रांगेने उभे योद्धे यांत न्हाऊन निघतो.

या भेटीत दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे ग्न्येझ्नोला आर्चबिशपपीठ मिळाले आणि त्याच्याखाली क्राकूफ, व्रोत्सवाफ आणि कोवोब्झेग इथे बिशप नेमले गेले. आदालबेर्तचा सावत्र भाऊ रादिम पहिला आर्चबिशप झाला. याचा अर्थ पोलंडचे चर्च जर्मन आर्चबिशपांच्या हाताखालून निसटले. दुसरी गोष्ट वादाची आहे. गाल म्हणतो की ओटोने आपल्या डोक्यावरचा मुकुट काढून बोलेस्वाफच्या डोक्यावर ठेवला आणि त्याला संत मॉरिसच्या भाल्याची प्रतिकृती दिली. भाला आजही क्राकूफमध्ये आहे. मुकुट ठेवणे म्हणजे राज्याभिषेक की नुसता सन्मान, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला दुसरे पटते. तो राज्याभिषेक असता तर बोलेस्वाफने पुढची पंचवीस वर्षे खऱ्या मुकुटासाठी धडपड केली नसती.

बदल्यात बोलेस्वाफने तीनशे चिलखती स्वार दिले. थीटमारची जळजळ लपत नाही: देवाने सम्राटाला क्षमा करावी, त्याने कर भरणाऱ्याला धनी करून ठेवले.

बोलेस्वाफने कीव्ह जिंकले का? आणि ती खाच पडलेली तलवार?

जिंकले, पण ठेवले नाही. ओटो १००२ मध्ये अकाली गेला, आणि नव्या जर्मन राजाशी, हेन्री दुसऱ्याशी, बोलेस्वाफची जवळजवळ सोळा वर्षे लढाई चालली. जानेवारी १०१८ मध्ये बाउत्सेनला तह झाला. त्याच उन्हाळ्यात जावई स्व्यातोपोल्कला गादी मिळवून द्यायला तो कीव्हवर गेला, ऑगस्टमध्ये शहरात शिरला आणि लूट घेऊन परतला. परतताना पूर्व सीमेवरचा मुलूख ताब्यात घेतला.

तलवारीची दंतकथा अशी की त्याने कीव्हच्या सोनेरी दरवाजावर वार केला आणि पात्याला खाच पडली. तो दरवाजा कीव्हचा राजा यारोस्लाव याने बांधला तो वीसेक वर्षांनी. राज्याभिषेकाची श्च्येर्ब्येत्स तलवार क्राकूफच्या वावेल किल्ल्यात आहे खरी, पण तीही बोलेस्वाफनंतर दीड-दोनशे वर्षांची.

मुकुट घालून ‘राजा’ ही औपचारिक पदवी कधी मिळाली?

१०२५ मध्ये, बहुधा ईस्टरला. हेन्री आदल्या वर्षी मेला होता, विरोध करायला कोणी उरले नव्हते. १७ जूनला बोलेस्वाफ वारला. मुकुट जेमतेम दोन महिने लाभला.

इतके बळकट राज्य लगेच का कोसळले?

कारण ते लुटीवर उभे होते. गाल अनामिक बोलेस्वाफच्या चार मुख्य किल्ल्यांतल्या योद्ध्यांचे आकडे देतो: एकूण ३,९०० चिलखती आणि १३,००० ढालवाले. आकडे फुगवलेले मानले तरी एवढ्या माणसांना पोसायचे तर दरवर्षी कुठेतरी मोहीम हवी. मोहिमा थांबल्या की भार शेतकऱ्यावर. त्यात नवे चर्च दशांश मागणार.

मुलगा म्येश्को दुसरा नालायक नव्हता. पण १०३१ मध्ये पश्चिमेकडून सम्राट कोनराड आणि पूर्वेकडून यारोस्लाव एकदम आले, आणि भाऊ बेझ्प्रिम यारोस्लावच्या बाजूला. म्येश्को पळाला, मुकुट सम्राटाकडे गेला. बेझ्प्रिमचा लवकरच खून झाला, म्येश्को परतला आणि १०३४ मध्ये मेला. मग उद्रेक झाला: गुलाम मालकांवर उठले, पाद्री मारले गेले, जुने देव परतले.

या गोंधळात बोहेमियाचा ब्रेतिस्लाव १०३८-३९ मध्ये घुसला. ग्येचच्या लोकांनी प्रतिकार केला नाही आणि त्याने सगळे गावच उचलून बोहेमियात नेऊन वसवले. ग्न्येझ्नोतून आदालबेर्तच्या अस्थी काढून प्रागला नेल्या, म्हणजे राज्याची सर्वांत मोठी ठेव गेली. गाल लिहितो, त्या चर्चमध्ये रानटी जनावरांनी घरे केली.

म्येश्को दुसऱ्याचा मुलगा कझिमेश जर्मनीतून पाचशे स्वार घेऊन परतला आणि तुकडे जोडत गेला. कारभार मात्र त्याने क्राकूफला हलवला, कारण ग्न्येझ्नोच्या मानाने त्या भागाची नासधूस कमी झाली होती. ग्न्येझ्नोचे राजकीय महत्त्व तिथे संपले. ग्येच, ज्याला गाल चार मोठ्या किल्ल्यांत मोजतो, आज एक छोटे खेडे आहे.

१९६६ मध्ये या इतिहासावरून राजकारण का झाले?

बाप्तिस्म्याला हजार वर्षे होत होती, आणि सत्ता कम्युनिस्टांची. चर्चला हजार वर्षांचा ख्रिस्ती पोलंड साजरा करायचा होता, सरकारला हजार वर्षांचे राज्य. सरकारने ‘सहस्रकासाठी हजार शाळा’ बांधण्याची योजना काढली, पोप पॉल सहावे यांना येऊ दिले नाही, आणि गावोगाव फिरणारी चेंस्तोहोव्हाच्या मातेची प्रतिमा अडवून ठेवली. लोकांनी तिची रिकामी चौकट घेऊन यात्रा चालू ठेवली. म्येश्कोला हे पाहून गंमत वाटली असती. त्याच्यासाठी राज्य आणि बाप्तिस्मा हा एकच व्यवहार होता.

आज यातले काय पाहता येते?

पोझ्नानला उतरावे. कॅथेड्रलच्या बेटावर कुमारी मातेच्या चर्चपाशी १९९९ मध्ये म्येश्कोच्या वाड्याच्या भिंती सापडल्या, आणि जवळच तटाचे उघडे थर काचेआडून दाखवले आहेत. तिथून ग्न्येझ्नो पन्नासेक किलोमीटर. तिथल्या कॅथेड्रलचे ब्राँझचे दरवाजे बाराव्या शतकातले, आदालबेर्तच्या आयुष्यातल्या अठरा प्रसंगांचे. त्यातल्या एका चौकटीत तो बेड्या घातलेल्या गुलामांसाठी राजापुढे उभा आहे. वर चांदीचा विषय आला तो इथे ब्राँझमध्ये दिसतो.

दोन्ही शहरांच्या मध्ये लेदनित्सा तळे. बेटावर होडीने जाता येते. वाडा आणि प्रार्थनागृहाचे अवशेष तिथे उभे आहेत. या बेटाला किनाऱ्याशी जोडणारे दोन लाकडी पूल होते, लाकूड ९६३-६४ च्या सुमारास तोडलेले, पैकी मोठा चारशे मीटरहून लांब. पुलांच्या जागी तळाशी पाणबुड्यांना कुऱ्हाडी, भाले, तलवारी मिळाल्या आहेत.

वेळ नसेल तर खिशातली नोट काढा. दहा झ्लॉटीवर म्येश्को आहे, वीसवर बोलेस्वाफ. चेहरे अर्थातच चित्रकाराच्या मनातले. आणि दहाच्या नोटेमागे जे ‘म्येश्कोचे नाणे’ छापले आहे, ते आता बरेच नाणेतज्ज्ञ नातवाचे मानतात.